घरभाडे हाही पगाराचाच प्रश्न

(चेन्नई येथे मराठी रेल्वे व टपाल कामगारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बैठकांत पगारावर बोलणे होते, बोनसवर होते, पेन्शनवर तर रात्र पुरत नाही. घरभाड्याचा विषय मात्र चहाच्या वेळी निघतो आणि चहाबरोबरच संपतो. ज्याचे त्याने बघावे, असे आपण धरून चाललो आहोत. मला हे मान्य नाही. पगारातला सर्वात मोठा एकरकमी खर्च ज्या खिडकीतून जातो, ती खिडकी युनियनच्या कक्षेबाहेर कशी राहील?

हिशेबापासूनच सुरुवात करू. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सर्वात खालच्या पायरीवरचा मूळ पगार १८,००० रुपये. चेन्नई हे 'एक्स' वर्गातले शहर, म्हणून घरभाडे भत्ता ३० टक्के, म्हणजे ५,४०० रुपये. एवढ्या पैशांत पेरांबूरला, अयनावरमला किंवा विल्लिवाक्कमला बायको-मुलांसह राहता येईल असे काय मिळते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही रोज जिने चढून पाहिलेले आहे.

आता हे ३० टक्के कुठून आले ते पाहा. पाचव्या वेतन आयोगानंतर १९९७ साली मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि चेन्नई या शहरांना ३० टक्केच मिळत होते. २००८ साली सहाव्या आयोगातही ३० टक्केच राहिले. मग २०१७ च्या जुलैत सातव्या आयोगाचा भत्ता लागू झाला तेव्हा दर खाली आणून २४ टक्के केला. महागाई भत्ता २५ टक्क्यांवर गेला की २७ आणि ५० टक्क्यांवर गेला की ३०, असे ठरवले. त्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये आपण पुन्हा ३० टक्क्यांवर पोहोचलो. सत्तावीस वर्षे चालून माणूस निघाला त्याच स्टेशनवर उतरला. मूळ पगार वाढला, हे खरे. पण मधल्या सात वर्षांत जो तुटवडा अनेकांनी खिशातून भरला, त्याची थकबाकी कोणी दिली नाही आणि मागितलीही नाही.

दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे. घरभाडे भत्ता मूळ पगारावर मिळतो, महागाई भत्ता धरून मिळत नाही. मूळ पगार वर्षाला ३ टक्क्यांनी चढतो. घरमालकाच्या करारात मात्र दर अकरा महिन्यांनी पाच, सात, कुठे दहा टक्के वाढीचे कलम असते. सात टक्केच धरा. दहा वर्षांत भाडे जवळजवळ दुप्पट होते आणि मूळ पगार एक-तृतीयांशाने वाढतो. दहा वर्षांनी नवा आयोग येतो, महागाई भत्ता मूळ पगारात मिळवला जातो, आपल्याला वाटते आता दम घेता येईल. तेवढ्यात वर्तमानपत्र वाचून घरमालक म्हणतो, "सार, पे कमिशन आले ना?" आयोगाचा अहवाल आपल्यापेक्षा तोच आधी वाचतो.

आता या शहराच्या रीतीकडे येतो. आपल्याला मुंबईची पागडी माहीत आहे. इथला शब्द 'अ‍ॅडव्हान्स'. दहा महिन्यांचे भाडे आगाऊ द्या, मग किल्ली. ही रीत इतकी मुरलेली आहे की लोकांना तो कायदाच वाटतो. पण कायदा काय होता? १९६० चा तमिळनाडूचा भाडेनियंत्रण कायदा जवळजवळ साठ वर्षे लागू होता आणि त्याच्या सातव्या कलमात आगाऊ रक्कम एका महिन्याच्या भाड्यापुरती मर्यादित होती. कायदा एक महिना म्हणत होता आणि रस्ता दहा महिने म्हणत होता. साठ वर्षे रस्ताच जिंकला.

या दहा महिन्यांचा अर्थ काय होतो? भाडे १०,००० धरा. बदलीवर आलेला माणूस क्रेडिट सोसायटीतून एक लाख उचलतो. दहा टक्के व्याज म्हटले तरी वर्षाला दहा हजार, म्हणजे आणखी एका महिन्याचे भाडे. त्याचे वर्ष तेरा महिन्यांचे झाले. घर सोडताना 'रंगकाम' म्हणून एक महिना कापतात, तो वेगळाच. शिवाय वीज वेगळ्या मीटरवर, तीही घरमालक सांगेल त्या दराने. पाणी आटले की टँकरची वर्गणी. २०१९ च्या उन्हाळ्यात या शहरातले तलाव कोरडे पडले, तेव्हा इथे होता त्यांना त्या वर्गणीची आठवण असेल.

तुम्ही म्हणाल, भाडेनियंत्रण कायदा होता तर भाडी का वाढली? हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे, कारण मुंबईवरून आपली जी समजूत झालेली आहे ती इथे लागू पडत नाही. मुंबईत १९४७ च्या कायद्याने प्रमाण भाडे बांधले ते १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याला. ते तिथेच गोठले. भाडेकरूला घर टिकले, पण इमारती टिकल्या नाहीत. सुमारे १९,००० उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी सरकारला मंडळ नेमावे लागले. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात सांगितले की भाडे असे गोठवून ठेवणे आता समर्थनीय राहिलेले नाही. त्यानंतर १९९९ चा नवा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा मिळाली.

मद्रासची गोष्ट उलटी. इथे 'फेअर रेंट', म्हणजे वाजवी भाडे, गोठवलेले नव्हते. १९७३ च्या दुरुस्तीनंतर राहत्या घराचे वाजवी भाडे म्हणजे एकूण किमतीवर वर्षाला ९ टक्के, दुकान-कचेरीला १२ टक्के. आणि एकूण किंमत काढताना जागेचा बाजारभाव धरायचा! ढोबळ उदाहरण घ्या. जागेचा भाव दहा लाख, बांधकाम चार लाख. चौदा लाखांवर ९ टक्के म्हणजे १,२६,००० वर्षाला, महिन्याला १०,५००. जागेचा भाव दुप्पट झाला की महिन्याचे वाजवी भाडे १८,००० झाले. घरात एक वीटही वाढलेली नसते. म्हणून इथे वाजवी भाड्याचा अर्ज घेऊन कोर्टाची पायरी चढणारा बहुधा घरमालकच असे. भाडेकरूसाठी केलेली तरतूद घरमालकाच्या हातचे हत्यार झाली.

या जुन्या कायद्याचे एक कलम तर महिना ४०० रुपयांहून अधिक भाडे असलेल्या राहत्या घरांना संरक्षणच नाकारत होते. १९८६ साली रतन आर्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. दुकानदार भाडेकरूला संरक्षण आणि राहत्या भाडेकरूला नाही, हा भेद न्यायालयाला पटला नाही. रुपयाची किंमत घसरत गेली तेव्हा ४०० रुपयांचे घर श्रीमंताचे राहिले नाही, हेही त्यात आलेच.

आता मुख्य मुद्दा. तो जुना कायदा आज नाही. २०१७ चा नवा कायदा २२ फेब्रुवारी २०१९ पासून तमिळनाडूत लागू आहे. घरमालक आणि भाडेकरू यांचे हक्क व जबाबदाऱ्या, असे त्याचे नाव. त्यात वाजवी भाडे नाही, कमाल भाडे नाही. करारात लिहिले तेच भाडे. अनामत तीन महिन्यांपर्यंत, पण करारात वेगळे ठरले नसेल तर. या पाच शब्दांतून दहा महिने पुन्हा आत येतात, हे लक्षात ठेवा. चांगलेही काही आहे: अनामत घर सोडल्यापासून एका महिन्यात परत द्यायची, भाड्याची पावती द्यायची, वीज-पाणी तोडायचे नाही, पूर्वसूचनेशिवाय घरात शिरायचे नाही. तक्रार ऐकायला भाडे प्राधिकारी, त्याच्यावर भाडे न्यायालय आणि न्यायाधिकरण आहे. हे सगळे मात्र कागदावर उभे आहे. करार लेखी हवा आणि भाडे प्राधिकाऱ्याकडे त्याची नोंद हवी.

आपल्या माणसाची फसगत होते ती इथे. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगते की करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची. त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते आणि घरमालकाला शिक्षाही होऊ शकते. सोलापूर, गुंटकल, रेणिगुंटा करत गाडी इथे पोहोचली की हे कलम मागे राहिलेले असते. इथे जुना भाडेकरू तोंडी बोलीवर राहत असेल आणि नव्या कायद्याप्रमाणे करार झालाच नाही, तर करार न होणे हेच घर खाली करवण्याचे एक कारण ठरते. पंधरा वर्षे वेळेवर भाडे भरलेला माणूस कागद नाही म्हणून अडचणीत येतो. अशी प्रकरणे वकिलांकडे पडलेली आहेत आणि त्यांतला भाडेकरू प्रत्येक वेळी हेच म्हणतो, "पण मी कधी भाडे थकवले नाही हो!"

आणि अकरा महिन्यांचा करार हे काही कवच नाही. एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणे नोंदणी कायद्याने सक्तीचे आहे. ते चुकवायला अकरा महिन्यांची युक्ती निघाली. नव्या कायद्याला मुदतीशी कर्तव्य नाही. कितीही महिन्यांचा असो, नोंद हवी. स्टॅम्प पेपरवर सही करून कपाटात ठेवलेला कागद तिथे अपुरा पडतो.

इतके सांगितल्यावर काहींना वाटेल की घरमालक म्हणजे शत्रू. थोडे थांबा. या शहरातले घरमालक कोण आहेत? कंपन्या आहेत, मोठी मंडळी आहेत. पण आपण ज्यांच्या वरच्या मजल्यावर राहतो त्यांतले कितीतरी जण पेरांबूरच्या कारखान्यातून, डबे बनवणाऱ्या आयसीएफमधून, टपाल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. ग्रॅच्युइटी आणि पेन्शनविक्रीची रक्कम घालून एक मजला चढवला, खाली स्वतः, वर भाडेकरू. जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या नोकरीत आलेल्यांना तर जुनी पेन्शनच नव्हती. उद्या त्यांतलाही कोणी हाच मार्ग धरेल. अशा माणसाला भाड्यावर औषधे घ्यावी लागतात. त्याची भीती एकच, भाडेकरू उठणार नाही. त्याला नोंदलेला करार दिला तर ती भीती कमी होते आणि दहा महिन्यांच्या अनामतीचा त्याचा युक्तिवादही लुळा पडतो. जिन्यावर भांडून हे साधत नाही, त्याच्यासमोर बसून साधते. त्याला युनियनच्या जुन्या दिवसांची आठवण द्या, तो ऐकतो.

आणि खुद्द रेल्वे? तीही घरमालकच आहे. निवृत्तीनंतर क्वार्टर चार महिने नेहमीच्या भाड्याने, पुढचे चार महिने दुप्पट भाड्याने. त्यापुढे दंडभाडे आणि अडकलेली ग्रॅच्युइटी. ज्या ग्रॅच्युइटीतून नव्या घराची अनामत भरायची तीच अडकली, तर माणूस क्वार्टर सोडून जाणार कुठे? खासगी घरमालक दहा महिन्यांचे पैसे धरतो, रेल्वे सगळ्या नोकरीची कमाई धरते. शिवाय २०१७ चा कायदा सरकारी जागांना लागूच नाही. टपाल खात्याची तऱ्हा वेगळी. खात्याची बहुतेक पोस्ट ऑफिसे स्वतःच भाड्याच्या इमारतींत आहेत. भाडे परवडेना म्हणून पोस्ट ऑफिस हलवले की पोस्टमनची बीट आणि गिऱ्हाइकाची सवय दोन्ही मोडतात. खात्याला भाडे वाढल्याची झळ कळते, मग खात्याच्या माणसाची का कळू नये?

एक कडू गोष्टही बोलून टाकतो. घर पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, "व्हेज की नॉन-व्हेज?" असा असतो. त्यामागे दुसराच प्रश्न असतो आणि तो कोणता ते आपण सगळे जाणतो. जात किंवा धर्म पाहून घर नाकारणाऱ्या खासगी घरमालकाला अडवणारे काही या २०१७ च्या कायद्यात नाही. आपल्यातलेही काही जण गावाकडची खोली भाड्याने देताना हाच प्रश्न विचारतात. तेव्हा इथे तक्रार करताना त्यांनी जरा तिकडेही पाहावे.

१९१८ साली याच पेरांबूरमध्ये मद्रास लेबर युनियन उभी राहिली. बी. पी. वाडिया आणि थिरु. वि. कल्याणसुंदरम यांच्या पुढाकाराने. त्या गिरण्यांच्या मालकांनी कामगारांसाठी वसाहतीही बांधल्या होत्या. नोकरी देणारा आणि छप्पर देणारा एकच असला की संपाच्या दिवशी कामगाराची मान दोन हातांत असते. म्हणून क्वार्टर वाढवा ही आपली मागणी असली, तरी तेवढी एकच पुरणार नाही.

आठव्या वेतन आयोगाची घोषणा २०२५ साली झाली आहे. त्याच्यासमोर फेडरेशनने ठेवायच्या मागण्यांत तीन गोष्टी याव्यात, असा माझा आग्रह आहे. घरभाडे भत्ता मूळ पगार अधिक महागाई भत्ता यावर मोजावा. बदलीवर आलेल्या कामगाराला अनामतीसाठी बिनव्याजी उचल मिळावी, म्हणजे तेराव्या महिन्याचे भाडे वाचेल. आणि क्वार्टरच्या वादापायी ग्रॅच्युइटी अडकवू नये. पडक्या क्वार्टरांच्या दुरुस्तीचे मी वेगळे सांगत नाही, ते निवेदन शाखेने पूर्वीच दिलेले आहे.

पण आयोगाला आकडे लागतात. "भाडी फार वाढली" असे सांगून कोणी ऐकणार नाही. म्हणून प्रत्येकाने पगार-स्लिप, चालू महिन्याची भाडेपावती आणि करार असेल तर त्याची प्रत शाखेच्या कचेरीत आणून द्यावी. पावती मिळत नसेल तर तेही लिहून द्यावे. ज्यांचा करार नोंदलेला नाही त्यांनी आपले नाव वेगळ्या वहीत लिहावे. तमिळमधला करारनामा वाचून मराठीत समजावून सांगायला दोन साथी रविवारी सकाळी दहापासून बसणार आहेत. आधी वाचून घ्या, मग सही करा. घरमालकाला बरोबर आणलेत तरी चालेल, त्यांच्यासाठीही चहा ठेवलेला आहे.