चुन्याचा मकबरा

गेल्या हिवाळ्यात मी बीबी का मकबरा पाहून आलो. जाणं सोपं आहे. राजूरहून वणी गाठायची, तिथं नंदीग्राम एक्स्प्रेस धरायची आणि आदिलाबाद, किनवट, नांदेड करत छत्रपती संभाजीनगरला उतरायचं. पुढे रिक्षा.

औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. चार भागांची बाग आणि तिच्यात मकबरा. लोक त्याला 'गरिबांचा ताजमहाल' म्हणतात, कारण संगमरवर आहे तो खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. मधला बराचसा भाग काळ्या दगडाचा, वरून चुन्याचा गिलावा.

मित्रांनो, आपण चुनाभट्ट्यांच्या गावची पोरं. आपल्यापैकी कितीजणांचे आईबाप भट्टीवर राबले! त्या गिलाव्यावरची नक्षी पाहून मला हसावंसं वाटलं नाही, अभिमान वाटला. मुख्य दरवाजावर अताउल्ला आणि हंसपत राय ही बांधणाऱ्यांची नावं आहेत. चुना भाजणाऱ्यांची, मळणाऱ्यांची नाहीत.

म्हणून एक विनंती. आपल्या स्मरणिकेत प्रत्येकाच्या नावाखाली आईबापांचं नाव आणि त्यांचं काम छापा. भट्टी असेल तर भट्टी, खाण असेल तर खाण.