मुरूम किती खोल?

आपल्या पूर्वजांनी गाव पांढरीवर वसवले आणि काळी पिकांसाठी राखली. आज टेंभुर्णीत महामार्गालगत घरे वाढताहेत, ती काळ्या रानातही शिरली आहेत. गावठाणातल्या पायाचा अंदाज तिथे लावला, तर बजेट जोत्यापाशीच कोलमडते.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असते. पाणी मिळाले की ही माती फुगते, वाळली की आकसते. ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालते. एका बाजूला उजनी धरणाच्या पाण्यावरचा बारमाही ऊस आणि दुसऱ्या बाजूला कोरडे अंगण असेल, तर घराखालची माती सारखी हलत नाही. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. घर लहान म्हणून पाया उथळ चालेल, हा समजही सोडा. हलके घर फुगणाऱ्या मातीला दाबून धरू शकत नाही; ती त्यालाच आधी उचलते.

म्हणून पाया काळीखालच्या घट्ट मुरमावर टेकवावा लागतो. आता त्याचा खर्च पाहू. बारा कॉलमचे घर धरा, प्रत्येक खड्डा पाच फूट बाय पाच फूट. मुरूम चार फुटांवर लागला, तर खोदाई बारा ब्रास. आठ फुटांवर लागला, तर चोवीस. कॉलम लांबतात आणि भराईचा मुरूमही वाढतो. कारण निघालेली काळी माती खड्ड्यात परत टाकायची नाही. फरशीखालचीही काढून तिथे मुरूम धुम्मसायचा, नाहीतर फरश्या उचलतात. मात्र फुटिंगचे काँक्रीट साधारण तेवढेच लागते. म्हणजे खोली दुप्पट झाली, तरी पायाचा सगळा खर्च दुप्पट होत नाही.

मुरूम फारच खाली असेल, तर रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी फुगीर असणारे अंडर-रीम्ड पाइल आहेत. फुगवटा सहसा दांड्याच्या व्यासाच्या अडीच पट असतो आणि तो हलत्या थराच्या खाली घट्ट धरून राहतो. त्यांवरच्या बीमखाली मोकळी जागा ठेवावी लागते, म्हणजे फुगलेली माती बीमला ढकलत नाही.

माती किती फुगते, याची परीक्षा सोपी आहे. चाळलेली कोरडी माती, दहा-दहा ग्रॅम, एका नळीत पाण्यात आणि दुसरीत रॉकेलमध्ये चोवीस तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपटीहून जास्त भरली, तर सावध व्हावे.

घर झाल्यावरही पाणी सांभाळा. भोवती उताराची फरसबंदी करा; शोषखड्डा आणि मोठी झाडे पायापासून लांब ठेवा.

माझी कळकळीची विनंती आहे: इसार देण्याआधी मालकाच्या परवानगीने प्लॉटवर जेसीबीने एक खड्डा घ्या. मुरूम कुठे लागतो ते स्वतः उतरून नव्हे, वरून टेप सोडून मोजा. काळीच्या कडा ढासळतात. तो आकडा इंजिनिअरला द्या, पायाचा अंदाज काढून घ्या आणि मगच जागेचा भाव बोला. खोल काळीतला स्वस्त प्लॉट पायासकट महाग पडू शकतो.