नामदेवराय मंगळवेढ्याला गेले

मायबाप हो, आजच्या सेवेत एका रात्रीची गोष्ट सांगतो. चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गेल्या साली नवी मुंबईत सप्ताहाचं कीर्तन होतं. मुक्काम पुतण्याच्या खोलीवर, घणसोलीला. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि चार पोरं. एक आमचा, एक लातूरचा, एक साताऱ्याचा, एक नांदेडचा. जिल्हे चार, पण डिपॉझिट एकत्र, डबा एकत्र, इस्त्रीसुद्धा चौघांत एकच. आपण गावाकडं बसून म्हणतो, शहरात पोरं बिघडली. मीही गादीवरून म्हणायचो. वाशीच्या खाडीकाठी, त्या मिनी सीशोअरला जोडीनं बसलेल्या पोरापोरींवर बोललं की मंडपात हशा पिकतो. हशा सोपा असतो हो.

त्या रात्री नांदेडच्या पोराला मोबाईलवर निरोप आला. कॉलेजपासूनची मैत्रीण. दोघांनी लग्नाचं ठरवलं होतं, तिनं घरी विचारलं, वडील नाही म्हणाले. कारण काय? जात. आता भेटू नको, फोन करू नको, एवढंच तिनं लिहिलं. पोरगं भिंतीला टेकून बसलं. रडेना, बोलेना, ताट तसंच.

मी माळ ओढत कॉटवर बसलेलो. म्हणालो, "अरे, आईबापानं नोकरीला पाठवलं का पोरीपायी असं बसायला? नाम घे, सुटेल सगळं."

साताऱ्याचा पोरगा आत पोळ्या लाटत होता. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "काका, आत्ता नको."

मग तिघांनी पाळ्या लावल्या. बारा ते दोन एक, दोन ते चार दुसरा, पुढं तिसरा. एकाला तर सकाळी सहाची ड्यूटी होती. गच्चीच्या दाराची किल्ली आमच्या पुतण्यानं खिशात घातली. का, ते मी विचारलं नाही. कुणी त्याला उपदेश केला नाही. एकजण नुसता शेजारी बसून गावाकडच्या म्हशीचं काहीबाही सांगत होता. पहाटे पुतण्याचा फोन वाजला. त्या मुलीच्या खोलीवरची मैत्रीण होती. म्हणाली, "ती विचारतीये, तो जेवला का?"

मी पांघरुणात जागाच होतो. मला मंगळवेढा आठवलं.

शके १२६० ची गोष्ट. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललेलं. भिंत कोसळली आणि कामावरच्या माणसांबरोबर चोखोबा खाली गाडले गेले. बातमी कळली तेव्हा नामदेवराय गेले. चोखोबा त्यांना गुरू मानत, पण इथं गुरू गेला तो मित्रासारखा गेला. ढिगाऱ्यात हाडं सगळ्यांची एकच झालेली. ओळखायची कशी? ज्या हाडातून विठ्ठल नाम ऐकू येईल ते चोखोबांचं. आम्ही कीर्तनकार इथं नामाचा महिमा सांगतो आणि पुढं जातो. पण मायबाप, ऐकायला कान लावावा लागतो. नामदेवराय त्या मातीत गुडघे टेकून बसले असतील, एकेक हाड उचलून कानाशी नेलं असेल. ज्याला देवळात येऊ दिलं नाही, त्याच्या अस्थी त्यांनी पंढरपुरात आणल्या. तुम्ही महाद्वारात नामदेव पायरीला हात लावता ना? तिथंच समोर चोखोबांची समाधी आहे. ते देऊळ सगळ्यांना उघडायला १९४७ साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावं लागलं.

आणि आळंदीला ज्ञानोबारायांनी समाधी घेतली तेव्हा नामदेवराय किती रडले, ते त्यांच्याच अभंगांत आहे. देव ज्याच्या हातचा नैवेद्य जेवला, तो मित्रासाठी रडला. "नाम घे, सुटेल" असं मी म्हणालो तसं त्यांना कोण म्हणालं?

सकाळी ते पोरगं मला स्टेशनवर सोडायला आलं. म्हणालं, "काका, ती तुमच्याच तालुक्यातली आहे. तिचे वडील माळकरी. तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "बघू."

कोण ते मला नाव ऐकताच कळलं. आमच्या दिंडीत टाळ धरणारे गृहस्थ. पुढं सहा महिन्यांत मी चोखोबांचं चरित्र तीनदा लावलं, तिन्ही वेळा ते पहिल्या रांगेत. भिंत कोसळली की डोळे पुसायचे. कीर्तन झालं की माझ्या पाया पडायचे आणि मी "पांडुरंग" म्हणून त्यांना उठवायचो. तोंडाशी आलेलं तिथंच गिळायचो. भीती कसली, तर पुढच्या साली सप्ताहाला बोलावतील का नाही याची. खोटं कशाला बोलू?

कार्तिकी झाल्यावर एकदाचा त्यांच्या घरी गेलो. मुलगी सुट्टीला आलेली होती. चहा आला, कापसाचं बोलणं झालं. मग मी त्या पोराचं नाव काढलं. गृहस्थ गळ्यातली माळ चाचपत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "महाराज, कीर्तनातलं वेगळं आणि घरातलं वेगळं."

मी म्हणालो, "मग मी चाळीस वर्षं काय सांगत होतो?"

ते काही बोलले नाहीत. मुलगी कप न्यायला आली, वाकून पाया पडली आणि आत गेली. अजून त्यांनी होकार दिलेला नाही. येत्या एकादशीला फराळाला मी परत त्यांच्याकडंच जाणार आहे, तसा निरोप धाडलाय.