फवारणी करताना अंग झाका



आसनगाव, शहापूर, मुरबाडकडे फिरताना एक गोष्ट नेहमी नजरेस पडते. मांडवावर कारली, दुधी चढलेला असतो आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस खालून नळी वर धरून औषध मारत असतो. अंगात बनियन, खाली अर्धी चड्डी, पाय अनवाणी. हटकलं तर म्हणतो, "साहेब, तोंडाला रुमाल बांधलाय की!"

बंधूंनो, औषध नुसतं नाकातोंडातून आत जात नाही. ते कातडीतून मुरतं, आणि फवारणी करणाऱ्याच्या अंगात बहुतकरून याच वाटेनं शिरतं. घामेजलेल्या अंगात तर लवकरच. तो रुमालही एकदा ओला झाला की तोंडाशी विष धरून बसतो.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो लोकांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या साली कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती, फवारा उलटून अंगावरच येत होता. आपल्याकडे कपाशी नाही हे खरं, पण मांडवाखाली उभं राहून वर फवारलेलं औषध शेवटी कुठं पडतं?

कीटकनाशकांचा कायदा १९६८ चा आणि त्याखालचे नियम १९७१ चे. औषध हाताळणाऱ्याच्या पोशाखात काय काय असावं, हे त्या नियमांत सांगितलं आहे : अंगभर झगा, डोक्याला टोपी, निम्म्या कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे, चष्मा आणि बूट. कापड असं हवं की औषध आत झिरपू नये, आणि ते धुताही यावं. हा नियम मजुरालाही लागू आहे. वाडीवरून माणूस बोलावता, शेकडो रुपयांची बाटली त्याच्या हाती देता, मग हातमोजे द्यायला हात आखडता का घ्यावा? मला हे पटत नाही.

पूर्ण पोशाख मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर पूर्ण बाह्यांचा जाड सुती सदरा, लांब पँट, टोपी, गमबूट आणि रबरी हातमोजे एवढं तरी हवंच. पंप गळतो आणि पाठ भिजते, म्हणून खताच्या गोणीतली आतली प्लॅस्टिकची पिशवी स्वच्छ धुऊन, डोकं आणि हात घालण्यापुरती भोकं पाडून अंगात चढवा. पावसाला जसं इरलं, तसंच हे. उकडतं, मान्य आहे. म्हणून सकाळी लवकर फवारा, ऊन चढलं की थांबा.

पँट बुटाच्या बाहेर ठेवा, नाहीतर औषध ओघळून बुटात साचतं. भात, भेंडीवर खाली फवारताना सदऱ्याची बाही हातमोज्यावरून घ्या. मांडवावर फवारताना उलट करा : हातमोजा बाहीवर चढवा आणि त्याची कड दुमडा, म्हणजे ओघळ त्या घडीत अडेल.

सर्वांत जास्त धोका बाटली उघडून औषध पाण्यात कालवताना, कारण तेव्हा ते पातळ झालेलं नसतं. एका प्रात्यक्षिकात मी स्वतः घाईनं उघड्या हातानं बूच काढलं. औषध सदऱ्यावर सांडलं आणि मी तसाच तासभर बोलत राहिलो. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, मळमळ सुटली. दुसऱ्यांना शिकवणारा मी!

फवारणीनंतर डोकं दुखलं, लाळ सुटली, दरदरून घाम आला, दिसायला अंधुक झालं तर ऊन लागलं म्हणून कांदा हुंगवत बसू नका. कपडे उतरवा, साबण लावून भरपूर पाण्यानं अंग धुवा आणि थेट दवाखाना गाठा. बाटली किंवा तिची चिठ्ठी बरोबर न्या. कुठलं औषध ते कळलं की डॉक्टरांना इलाज ठरवता येतो.

फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, पोराबाळांच्या कपड्यांत तर मुळीच नाही. ओढ्यावरही नेऊ नका. वेगळ्या बादलीत धुवा, आणि धुणाऱ्या बाईच्या हातातही हातमोजे असू द्या. हातमोजे काढायचे तेव्हा आधी ते हातात असतानाच साबणानं धुवा, मग उतरवा.