पांझरेचा फड आणि रावेरची विहीर



विकसनशील देशांतील शेतीची चर्चा बहुधा बियाणे, खते आणि पतपुरवठा यांपासून सुरू होते. खानदेशात ती पाण्यापासून सुरू करावी लागते. आणि पाणी किती, यापेक्षा पाणी कुणाचे, या प्रश्नापासून.

धुळे जिल्ह्यात साक्रीकडून येणाऱ्या पांझरेवर काही शतकांपूर्वीचे बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून सारंग. गावचे कायम बागायत बहुधा चार फडांत विभागलेले असे. एका फडात एकच पीक. एकात ऊस असला तर बाकीच्यांत पाळीपाळीने इतर पिके. कोणता फड भिजवायचा आणि कोणता पडीक ठेवायचा, हे दरवर्षी गाव ठरवी. खातेदाराच्या जमिनीचे तुकडे निरनिराळ्या फडांत असत, त्यामुळे टंचाईची झळ एकट्यादुकट्याच्या वाट्याला येत नसे. पाटकऱ्याने पाणी द्यायचे, जागल्याने राखण करायची, हवालदाराने देखरेख करायची. पाटातला गाळ काढणे हे सर्वांचे काम. लागून असलेल्या शेतांत एकच पीक असल्याने पाण्याची नासाडीही कमी होई. अशा नियोजनाला विद्यापीठाची पदवी लागली नाही, हे नियोजनकारांना जरा खटकणारेच आहे.

ही व्यवस्था नुसत्या आळसाने खिळखिळी झाली नाही. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, खाली विहिरींवर पंप बसले. ज्याच्या शेतात स्वतःची विहीर, त्याला फडाच्या शिस्तीची गरज उरली नाही. बाली बेटावरील ‘सुबक’ या सामाईक पाणीव्यवस्थेची 1970 नंतरच्या दशकात अशीच परवड झाली. नव्या भातबियाण्यांच्या उत्साहात गावांनी मिळून पाळलेले पाण्याचे वेळापत्रक मोडले आणि पाठोपाठ किडींचा उपद्रव वाढला.

जळगाव जिल्ह्यात चित्र उलटे दिसते. यावल आणि रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी खोल गाळाचा थर आहे. डोंगरातून येणारे पाणी तेथे मुरते. त्यावर केळीची बागायत फुलली, आणि ते वैभव खरे आहे; ते शेतकऱ्याच्या कष्टाचे व कल्पकतेचे आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु केळी वर्षभर पाणी मागते. विहिरी आटल्या, कूपनलिका आल्या, त्याही शेकडो फूट खाली गेल्या. ज्याच्याजवळ आणखी खोल जाण्याचे भांडवल, त्याचे पाणी. शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर मात्र कोरडी. ठिबकने थेंब वाचतो, पण वाचलेल्या थेंबावर लागवडच वाढवली तर भूजलाच्या पदरात काय पडणार?

जमीन ज्याची, त्याला तिच्याखालचे पाणी उपसण्याची मोकळीक, हा 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचा वारसा. महाराष्ट्राने भूजलाचा कायदा 2009 साली केला. कागदावर नियंत्रण आले. गावात ते कुणी बजावायचे, हा पेच कायम आहे.

आता फडाचे गोडवे गाणाऱ्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. त्या समतेत भूमिहीन कुठे होता? वाटणी खातेदारांची होती. भिल्ल मजुराला पाटावर काम मिळे, पाण्यावर हक्क मिळत नसे. त्याच खानदेशात, 1998 पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्यात, 1972 साली श्रमिक संघटना उभी राहिली ती हातून गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी. अंबरसिंग सुरतवंती यांनी आदिवासींना संघटित केले तेही याच जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नावर.

पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने वेगळी वाट दाखवली. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात, ऊस नाही, आणि भूमिहीनालाही वाटा. शासनाने 2005 साली पाणीवापर संस्थांचा कायदा केला तेव्हा मात्र सभासदत्व पुन्हा लाभक्षेत्रातील जमीनधारकालाच दिले. रावेरच्या बागेत केळीचे घड डोक्यावरून वाहणारी बाई त्या कायद्याच्या हिशेबात नाही. पाटबंधारे खात्याच्या बैठकांत कार्यकर्त्यांनी प्रथम तिचे नाव सभासदांच्या यादीत घालण्याची मागणी करावी. पाण्याच्या पाळीपत्रकाचा वाद त्यानंतर.