सुनेला दोष देण्याआधी



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण नात्यातल्या एका घरात पाहिलं ते सांगतो. चालायला लागलेलं मूल दोन वर्षांचं होईपर्यंत पुन्हा पडायला लागलं, मग उभं राहीना. घरातला पहिला प्रश्न होता, ‘सुनेच्या माहेरी असं कुणाला होतं का?’ नवरा तिचा मामेभाऊ, म्हणजे माहेर-सासरचं रक्त एकच. तरी बोट तिच्याकडेच. एमआरआय, रक्ततपासणीनंतर नाव कळलं: मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफी.

मेंदूतल्या तंतूंवर, वायरवर प्लॅस्टिक असतं तसं मायलिनचं आवरण असतं. या आजारात एक एन्झाइम नीट बनत नाही, सल्फेटाइड नावाचे स्निग्ध पदार्थ साठतात आणि आवरण नष्ट होत जातं.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी काम चालवते. असा माणूस निरोगी असतो, फक्त वाहक. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी होण्याची शक्यता 4 पैकी 1. म्हणजे दोष दोन्हीकडून येतो. मग शिक्षा एकटीलाच का?

सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. म्हणून अशा लग्नात जन्मजात विकारांचा धोका साधारण 3 वरून 6 टक्क्यांवर जातो. बहुतेक मुलं निरोगीच असतात, हेही खरं. आणि हा फक्त आपला प्रश्न नाही. मुंबईचे डॉ. भीम सिंघल आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अशाच एका पांढऱ्या द्रव्याच्या आजाराचे रुग्ण अग्रवाल समाजात नोंदवले. तिथे गोत्राबाहेर लग्न होतं, पण समाजातच.

मेटाक्रोमॅटिकवर जीन थेरपी आली आहे: युरोपात 2020, अमेरिकेत 2024. पण ती मुख्यतः लक्षणं दिसण्याआधी उपयोगी पडते आणि अमेरिकेतली किंमत 42.5 लाख डॉलर.

आपल्या हातात आहे ती तपासणी. नात्यात निकाह जायज आहे, फर्ज नाही. घरात असं मूल असेल तर त्याची जनुकीय तपासणी करून नेमका बिघाड शोधा. मग नातं ठरवण्याआधी मुलगा-मुलगी दोघांचीही तपासणी करा. आजारी मुलाच्या आईवडिलांनी पुढच्या गरोदरपणाआधीच जनुकतज्ज्ञांना भेटावं.

आणि बैठकीत कुणी सुनेकडे बोट दाखवलं, तर गप्प बसू नका. हे गणित तिथेच समजावून सांगा.