वऱ्हाडांतील एक विद्युत्-इंजिनियर

विदर्भाची ओळख बाहेरच्या जगाला बहुधा कच्च्या मालावरून होत आली आहे. वऱ्हाडचा कापूस, चांद्याचा कोळसा, आणि आणखी पूर्वेस एटापल्लीच्या रानांत सूरजागडच्या डोंगरांतलें लोखंड. चांदा जिल्ह्यांतील लोहखनिजाकडे जमशेटजी टाटांचें लक्ष एकोणिसाव्या शतकांतच गेलें होतें. परंतु त्यांच्या घराण्यानें १९०७ सालीं पोलादाची कंपनी काढली तिचा कारखाना उभा राहिला तो दूर, साकची येथें. सूरजागडचें खनिज त्यानंतर शंभर वर्षें जवळजवळ जागचें हललें नाहीं. माल आपला, कसब दुसऱ्याचें आणि तयार वस्तूची किंमत पुन्हां आपल्याच खिशांतून, हा व्यवहार या मुलखाच्या अंगवळणीं पडलेला होता. याच मुलखांतील एका खेड्यांतून निघालेल्या एका विद्युत्-इंजिनियरानें दुसऱ्या एका क्षेत्रांत तोच व्यवहार फिरवून दाखविला. त्यांचें नांव विजय पांडुरंग भटकर.

अकोला जिल्ह्यांत मूर्तिजापूर तालुक्यांत मुरंबा नांवाचें लहानसें गांव आहे. तेथें ११ ऑक्टोबर १९४६ रोजीं भटकरांचा जन्म झाला. नागपुरास विश्वेश्वरय्यांच्या नांवाचें इंजिनियरिंग कॉलेज नुकतेंच निघालें होतें. तेथून १९६५ सालीं त्यांनीं पदवी घेतली. पुढें बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठांत एम्. ई. आणि १९७२ सालीं दिल्लीच्या आय्. आय्. टी.मध्यें डॉक्टरेट. त्या काळीं असा विद्यार्थी विलायतेची किंवा अमेरिकेची वाट धरी, आणि त्याबद्दल त्याला कोणी नांवेंहि ठेवीत नसे. भटकर येथेंच राहिले. १९८० पासून सात वर्षें त्यांनीं तिरुवनंतपुरम् येथील इलेक्ट्रॉनिक संशोधन केंद्राचें संचालकत्व केलें. वीजकेंद्रें, पोलादाचे कारखाने आणि शहरांतील वाहतुकीचे दिवे यांचें नियंत्रण विद्युत्-यंत्रणेनें कसें करावें, असल्या कामांत तीं वर्षें गेलीं. लोकांच्या डोळ्यांत भरणारें हें काम नव्हे. परंतु अनेक लहान यंत्रें एका शिस्तींत कशीं चालवावींत, ही विद्या तेथेंच हाताखालून जाते.

इकडे देशापुढें एक निराळी अडचण उभी होती. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेला अमेरिकेंतील क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. हवामानाचा अंदाज ज्या यंत्रावर होतो त्याच यंत्रावर क्षेपणास्त्राचें गणितहि होतें, म्हणून अमेरिकन सरकारनें तो देण्यास नकार दिला. अखेर त्याहून कमी ताकदीचा एक क्रे हवामानखात्याच्या कामापुरता दिल्लीस मिळाला, तोहि कडक देखरेखीच्या अटींवर. आपल्या शेतकऱ्याला पाऊस केव्हां येईल हें सांगावयाचें, आणि त्यासाठीं परक्याच्या पहाऱ्यांत बसावयाचें! या चिडींतूनच १९८८ सालीं पुण्यास प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे आजचें सी-डॅक, निघालें व भटकर त्याचे पहिले कार्यकारी संचालक झाले. मुदत तीन वर्षांची होती. क्रे मिळविण्याच्या खटपटींत जाईल त्याहून कमी वेळांत आणि त्याच्या किंमतीहून कमी पैशांत यंत्र करून देऊं, असें आपण पंतप्रधान राजीव गांधींना सांगितलें होतें, असें भटकर सांगतात. मुदत चुकली असती तर एक यंत्र रखडलें एवढ्यावर भागलें नसतें. हें काम आपल्या देशाचें नव्हे, असें म्हणणारांना कायमचा पुरावा मिळाला असता.

क्रेसारखा एकच अत्यंत वेगवान गणक घडविण्याची साधनें येथें नव्हतीं. म्हणून मार्ग दुसरा धरला. लग्नघरीं हजार पापड लाटावयाचे असले तर विलक्षण चपळ हाताची एकच सुगरण कोणी शोधीत बसत नाहीं. आळींतल्या वीस बायकांना पोळपाट घेऊन बोलावतात. ब्रिटनमध्यें होणाऱ्या ट्रान्सप्युटर नांवाच्या चिपा बाजारांत मिळत होत्या. प्रत्येकींत गणित करण्याची सोय होतीच, शिवाय शेजारच्या चार चिपांशीं बोलण्याचे चार दुवेहि होते. अशा चौसष्ट आणि पुढें त्याहून अधिक चिपा एकत्र जोडावयाच्या, असा बेत ठरला. मात्र पापडांची उपमा येथें अपुरी पडते. एकीचा पापड दुसरीच्या पापडावर अवलंबून नसतो. पावसाच्या गणितांत नागपुरावरच्या आभाळाचें उत्तर वर्ध्यावरच्या वाऱ्यावाचून निघत नाहीं. म्हणजे प्रत्येक चिपेनें आपलें काम करतां करतां शेजारणीला निरोप पोंचविला पाहिजे, आणि कोणीहि दुसरीची वाट पाहत रिकामी बसतां कामा नये. खरें कष्ट पडतात ते या वांटणीचे. कामाचे तुकडे पाडणारें आणि निरोपांची शिस्त राखणारें सारें तंत्र पुण्याच्या तरुण मंडळींनीं लिहून काढलें. १९९१ सालीं ‘परम ८०००’ तयार झाला. त्याची कमाल गति सेकंदास शंभर कोटि गणितांची होती. पुढें त्याच जातीचें यंत्र मॉस्कोसहि बसविण्यांत आलें.

भारतांतील समांतर गणनाचा हा अगदीं पहिला प्रयत्न होता असें मात्र कोणी समजूं नये. बंगळुरूच्या विमानविद्या प्रयोगशाळेनें ‘फ्लोसॉल्व्हर’ १९८६ सालींच चालविला होता. एका नांवाचा गौरव करतांना दुसऱ्यांचें श्रेय झांकण्याची आपल्याकडील खोड वाईट आहे.

चरित्रकोशांत अशा माणसाच्या नांवापुढें गांवांची माळ येते : नागपूर, बडोदें, दिल्ली, तिरुवनंतपुरम्, पुणें. वाचणाराला ती बढत्यांची यादी वाटते. अशा गृहस्थाच्या घरच्या माणसांना ती बिऱ्हाड बांधण्याची यादी असते. नवी भाषा, नवी शाळा, नवा वाणी! मुदतीच्या कामाला जुंपलेल्या कर्त्या पुरुषाचा संसार दुसऱ्या कोणाच्या तरी हातांनीं चाललेला असतो, आणि मानपत्रांत त्या हातांचा उल्लेख क्वचितच सांपडतो. भटकरांना पद्मश्री २००० सालीं व पद्मभूषण २०१५ सालीं मिळाली.

मराठी घरांच्या दृष्टीनें या केंद्राचें दुसरें एक काम महासंगणकाहूनहि जवळचें आहे. कानपूरच्या आय्. आय्. टी.त सुरू झालेलें ‘जिस्ट’ हें भारतीय लिप्यांचें तंत्र भटकरांच्या कारकिर्दींत पुण्यास वाढलें. इंग्रजी कळफलकाच्या यंत्रांत एक पत्ता बसविला कीं पडद्यावर देवनागरी उमटे. जोडाक्षरें, वेलांट्या, रफार जागच्या जागीं. ज्या कचेरींत संगणक म्हणजे इंग्रजी असें समीकरण झालें होतें तेथें मराठी अक्षर त्या पत्त्यानें आणून बसविलें.

‘परम’ हें नांव पुढेंहि चालू राहिलें. १९९८ सालीं ‘परम १०,०००’ झाला. बंगळुरूच्या ज्या संस्थेला क्रे नाकारला गेला होता तेथें २०१५ सालीं क्रे कंपनीचें यंत्र रीतसर आलें, कोणतीहि खळखळ न होतां. आणि २०२२ सालीं त्याच संस्थेंत ‘परम प्रवेग’ बसला. पहिल्या ‘परम’च्या सुमारें तेहतीस लाख पट त्याची गति आहे.